स्पॅनिश रॉक गाताना शब्द तालाबाहेर का जातात? (आणि चार गाणी कोणती घ्यावीत)

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यातल्या कॉलेजचा बँड आहे: दोन गिटार, बेस, ड्रम्स आणि गायिका. स्पॅनिश विभागाच्या कार्यक्रमात वीस मिनिटं मिळाली आहेत आणि हातात तीन आठवडे आहेत. चार गाणी ठरली आहेत: सोदा स्तेरेओची ‘पेर्सियाना आमेरिकाना’ आणि ‘दे मूसिका लिहेरा’, लोस फाबुलोसोस कादिलाक्सचं ‘मातादोर’ आणि मेकानोचं ‘ईहो दे ला लूना’. शब्द देवनागरीत उतरवून गायिकेने पाठ केलेत. तालमीला आलेल्या स्पॅनिशच्या मॅडम म्हणाल्या की उच्चार वाईट नाहीत, पण शब्द चालीत बसत नाहीत, सतत घाई झाल्यासारखी वाटते. उच्चार कसे सुधारायचे आणि गाणी बरोबर निवडली आहेत का, हे तुम्हाला हवंय.

मॅडमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण हा मुळात उच्चारांचा प्रश्न नाही, कागदाचा आहे. गायिकेच्या हातातल्या कागदावर मूळ गाण्यापेक्षा जास्त अक्षरं आहेत. ती तेवढ्याच जागेत कोंबायची म्हटल्यावर घाई होणारच.

तुम्ही नमुना म्हणून दिलेली ओळच घेऊ. कागदावर आहे ‘पर्सियाना अमेरिकाना’. मोजून बघा: पर्, सि, या, ना, अ, मे, रि, का, ना. नऊ अक्षरं. स्पॅनिश बोलणारा माणूस हेच म्हणतो तेव्हा सात होतात: पेर्, स्या, ना, मे, रि, का, ना. एक अक्षर ‘सि-या’चं ‘स्या’ झाल्यामुळे कमी झालं. दुसरं कमी झालं ते पहिल्या शब्दाचा शेवटचा ‘आ’ आणि दुसऱ्या शब्दाचा पहिला ‘आ’ एकमेकांत मिसळल्यामुळे. एका ओळीत दोन अक्षरं जादा, तर अख्ख्या कडव्यात किती होत असतील याचा अंदाज तुम्हाला येईल. ड्रमर जागच्या जागी आहे आणि गायिका धावतेय, हे चित्र त्यातूनच तयार होतं.

स्पॅनिश पद्य मात्रा मोजत नाही, अक्षरं मोजतं. आपल्याकडे अभंग अक्षरसंख्येवर चालतो, त्याच जातीचं हे गणित आहे. फक्त तिथे मोजायचा नियम वेगळा आहे: एक शब्द स्वराने संपला आणि पुढचा स्वराने सुरू झाला, तर ते दोन स्वर मिळून एकच अक्षर धरायचं. याला ‘सिनालेफा’ म्हणतात. मध्ये ‘एच’ हे अक्षर आलं तरी फरक पडत नाही, कारण स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चारच होत नाही. ही कवितेपुरती सवलत आहे असंही नाही. रोजच्या बोलण्यात लोक असेच शब्द जोडतात, म्हणून गाण्यातही जोडतात.

गाण्यांच्या नावांवरच हात बसवा, कडव्यांना नंतर हात घाला. ‘माना’ या मेक्सिकन बँडचं ‘रायान्दो एल सोल’ हे पाच अक्षरांचं दिसतं, पण गायचं चार अक्षरांत: र्रा, यान्, दोएल्, सोल्. त्यांचंच ‘ओये मी आमोर’: ओ, ये, म्या, मोर्. ‘नाचा पोप’ या बँडचं ‘चिका दे आयेर’: ची, का, देआ, येर्. सोदा स्तेरेओचं ‘क्वान्दो पासे एल तेम्ब्लोर’: क्वान्, दो, पा, सेल्, तेम्, ब्लोर्, म्हणजे सहा. ‘दोएल्’ किंवा ‘देआ’ म्हणताना दोन्ही स्वर ऐकू आले पाहिजेत, पण टाळी एकच पडली पाहिजे. पहिला स्वर पटकन सोडायचा आणि दुसऱ्यावर जायचं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. दोन शब्दांच्या मध्ये गायकाने श्वास घेतला किंवा मुद्दाम थांबला, तर जोड होत नाही. दुसऱ्या शब्दाचा पहिला स्वर जोराचा असेल तर कधीकधी संगीतकार ते स्वर वेगळे ठेवतो. म्हणून नियम लावून आधी कागद तयार करायचा, पण शेवटचा शब्द मूळ रेकॉर्डिंगचा. ओळ वाजवा, बोटांवर अक्षरं मोजा, कागदाशी ताडा. जिथे आकडा जुळत नाही तिथेच पुन्हा ऐका. यूट्यूबवर वेग पाऊणपट करून ऐकलं तर पट्टी बदलत नाही, फक्त गती कमी होते. त्यामुळे जोड स्पष्ट कळतात.

दुसरी गडबड आघाताची. मराठीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा याला फारसं महत्त्व नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने म्हणतो, आणि डोळ्यांना दीर्घ वेलांटी किंवा दीर्घ उकार दिसला की तिथे आपोआप लांबवतो. स्पॅनिशमध्ये प्रत्येक मोठ्या शब्दात एक अक्षर जोराचं असतं आणि चाल बहुधा त्याच अक्षराला ठोक्यावर आणून बसवते. नियम सोपा आहे. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर: लि-हे-रा मध्ये ‘हे’वर, सो-ब्रान् मध्ये ‘सो’वर. इतर कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या अक्षरावर: मा-ता-दोर् मध्ये ‘दोर्’वर, तेम्-ब्लोर् मध्ये ‘ब्लोर्’वर. आणि रोमन लिपीत एखाद्या स्वरावर तिरकी रेघ दिसली, तर बाकी सगळे नियम बाजूला ठेवून जोर तिथे: ‘मूसिका’तल्या ‘मू’वर ती रेघ आहे.

‘दे मूसिका लिहेरा’ हे नाव टाळी देत म्हणून बघा. अक्षरं सात: दे, मू, सि, का, लि, हे, रा. टाळी ‘मू’वर आणि ‘हे’वर पडली पाहिजे; पहिला ‘दे’ टाळीच्या आधी हलकेच निघून गेला पाहिजे. आपल्या लोकांची टाळी हमखास ‘दे’वर पडते, कारण ओळ तिथे सुरू होते. एकदा ‘दे’ समेवर आला की पुढचं सगळं एक घर सरकतं आणि मग कितीही शुद्ध उच्चार केला तरी ऐकणाऱ्याला काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. गीतकार-संगीतकार कधी कधी मुद्दाम जोर नसलेलं अक्षर ठोक्यावर टाकतात. तसं मूळ गाण्यात असेल तर तसंच गायचं, पण मूळ गाण्यात नसताना आपण करायचं नाही.

तर आज रात्री जुना कागद बाजूला ठेवा आणि नवा करा. मी गायकांना कागद असा करायला सांगते: एका ओळीखाली दोन ओळी रिकाम्या. वर मूळ रोमन शब्द, खाली देवनागरी, अक्षरं आडव्या रेघेने तोडलेली. जोडलेल्या स्वरांच्या खाली पेन्सिलने छोटी कमान. जोराच्या अक्षराखाली लाल रेघ. ओळीच्या शेवटी समासात अक्षरांचा आकडा. श्वासाच्या जागी एक उभी रेघ, आणि ती कमानीच्या मधोमध कधीच येणार नाही याची काळजी.

देवनागरीत लिहिताना चार गोष्टी सांभाळा. शेवटचं आणि मधलं रोमन ‘a’ हे अक्षर नेहमी ‘आ’ लिहा. ‘अ’ लिहिलात तर मराठी डोळा तो गिळतो किंवा अर्धवट म्हणतो, आणि स्पॅनिशमध्ये तो धूसर ‘अ’ अस्तित्वातच नाही. स्वर पाचच आहेत: आ, ए, इ, ओ, उ, आणि ते कुठेही मळत नाहीत. दुसरं, दीर्घ ई आणि दीर्घ ऊ फक्त जोराच्या अक्षरात वापरा, बाकी सगळीकडे ऱ्हस्व. म्हणजे ‘मूसिका’, ‘लूना’, पण ‘आमेरिकाना’. डोळाच गळ्याला योग्य जागी लांबवायला लावेल. तिसरं, ‘इ’ किंवा ‘उ’ला लागून दुसरा स्वर आला तर जोडाक्षर करा: ‘सिया’ नाही, ‘स्या’, ‘कुआन्दो’ नाही, ‘क्वान्दो’, ‘फुरिया’ नाही, ‘फूर्या’. अपवाद एवढाच की त्या ‘इ’वर किंवा ‘उ’वर तिरकी रेघ असेल तर ते अक्षर वेगळंच राहतं, मारिया हे नाव रेघेसह लिहितात, म्हणून त्यात मा-री-या अशी तीन अक्षरं. चौथं, व्यंजनाने संपणाऱ्या अक्षराला पाय मोडा, नाहीतर गायिका घाईत तिथे ‘अ’ जोडते.

कागद बरोबर झाला की उच्चारांचा निम्मा प्रश्न सुटतो. उरलेल्यात मराठी माणसाला काही गोष्टी आयत्या मिळालेल्या आहेत आणि इंग्रजीच्या सवयीने आपण त्या घालवतो. स्पॅनिशचे ‘त’ आणि ‘द’ दातांवरचे आहेत, आपल्या ‘ताट’मधल्या ‘त’सारखे. पण रोमन लिपी समोर आली की आपण ‘मॅटाडोर’ म्हणून मोकळे होतो. ट आणि ड पूर्ण बंद. ‘प’, ‘त’, ‘क’ हे अल्पप्राण आहेत, आपल्यासारखेच. तपासायचं असेल तर वर्तमानपत्राची पातळ पट्टी तोंडासमोर धरून ‘पासे’, ‘तेम्ब्लोर’, ‘क्वान्दो’ म्हणा. पट्टी थरथरली तर इंग्रजी हवा शिरली आहे. स्टेजवर माइकमध्ये ‘प’ला जो धप्प आवाज येतो तोही यामुळे बराच कमी होतो.

‘र’ दोन आहेत. शब्दाच्या मधला एकेरी ‘र’ म्हणजे आपल्या ‘घरी’तला ‘र’, जिभेचा एकच टोला. शब्दाच्या सुरुवातीचा आणि दोनदा लिहिलेला ‘र’ म्हणजे जीभ दोन-तीनदा थरथरवायची. ‘रायान्दो’ची सुरुवात त्याने होते. येत नसेल तर तीन आठवड्यांत येईलच असं नाही. त्या जागी स्पष्ट एकेरी ‘र’ म्हणा, इंग्रजी गोल ‘र’ मात्र नको. ‘ब’ आणि ‘व्ह’ या दोन रोमन अक्षरांचा आवाज एकच आहे, ‘ब’. दोन स्वरांच्या मध्ये ओठ पूर्ण मिटत नाहीत. तसाच दोन स्वरांमधला ‘द’ ढिला असतो, जीभ दाताला लागते न लागते. शब्दाच्या शेवटचा ‘द’ तर जवळजवळ विरतो, म्हणून ‘स्युदाद’मध्ये शेवटचा ‘द’ ठोकू नका. ‘लिहेरा’तला ‘ह’ घशातून थोडा घासून काढायचा, गझल गाणारे नुक्तावाला ‘ख’ काढतात त्याच्या हलक्या आवृत्तीसारखा.

तुमच्यापैकी कोणी गोव्याचं असेल आणि पोर्तुगीज गाणी कानावर असतील, तर एक जास्तीची खबरदारी. पोर्तुगीजमध्ये शेवटचा ‘ओ’ ‘उ’कडे झुकतो, स्वर नाकात जातात आणि शेवटचा ‘स’ बऱ्याचदा ‘श’ होतो. शब्द सारखे दिसतात म्हणून त्या सवयी इकडे येतात. स्पॅनिशमध्ये शेवटचा ‘ओ’ ‘ओ’च राहतो.

स्पेनचा उच्चार करावा की लॅटिन अमेरिकेचा, हेही तुम्ही विचारलंय. दोन्ही चालतात, एका गाण्यात मिसळू नयेत. स्पेनच्या बहुतेक भागात ‘झेड’चा आणि ‘ce’, ‘ci’मधल्या ‘सी’चा आवाज जीभ दातांमध्ये आणून करतात, लॅटिन अमेरिकेत सरळ ‘स’. तुमच्या गायिकेला वर्गात स्पेनचा उच्चार शिकवला असेल तर मेकानो त्यात गायला हरकत नाही, तो माद्रिदचाच गट आहे. सोदा स्तेरेओ ब्युनॉस आयरिसचा, तिथे ‘स’च ठेवा. ब्युनॉस आयरिसच्या बोलण्यात ‘य’ आणि दुहेरी ‘एल’ यांचा ‘श’ किंवा ‘झ’सारखा आवाज होतो. त्या गाण्यात गायकाने जे केलंय ते कानाने पकडा आणि प्रत्येक वेळी तेच करा. अर्ध्या ओळीत ‘य’ आणि अर्ध्या ओळीत ‘श’ झालं की श्रोत्यांमधल्या भाषा जाणणाऱ्यांचं लक्ष तिथेच जातं.

आता सराव. पहिले चार-पाच दिवस सूर लावायचाच नाही. मेट्रोनोम मूळ गतीच्या साठ-पासष्ट टक्क्यांवर लावून ओळी नुसत्या बोलायच्या, लाल रेघेच्या अक्षरावर टाळी. ओळ सलग तीनदा न अडखळता आली की पाच ठोके वाढवायचे. अडखळली तर गती कमी करू नका, आधी ती नेमकी जागा शोधा. दहापैकी नऊ वेळा तिथे एक कमान सुटलेली असते. मूळ गतीच्याही पाच ठोके पुढे जाऊन बोलता आलं की मग चाल लावा. त्यानंतर फक्त ड्रम्स आणि आवाज, मग बेस, गिटार सगळ्यात शेवटी. बँड पहिल्या दिवसापासून पूर्ण आवाजात वाजवतो आणि शब्दांची चूक गिटारखाली झाकली जाते. नेमकं हेच तुमच्याकडे झालंय असं वाटतं.

गाण्यांकडे येते. निवडताना मी तीन गोष्टी बघते: एका आवर्तनात किती अक्षरं म्हणायची आहेत, गाण्याचा सगळ्यात खालचा आणि वरचा सूर कोणता, आणि मूळ गाणं कोणत्या वाद्यांवर उभं आहे. पहिल्या दोन अडचणींवर उपाय असतो. तिसरीवर नसतो, किंवा फार मेहनतीचा असतो.

‘मातादोर’ मी तुमच्या यादीतून काढेन. 1993 च्या ‘बासोस बासीओस’ या अल्बममधलं हे गाणं सगळं तालवाद्यांच्या ताफ्यावर आणि ब्रासवर (पितळी फुंकवाद्यांवर) उभं आहे. ब्राझीलच्या सांबाच्या अंगाने जाणारा तो ठेका एका ड्रमसेटवर आणि दोन गिटारवर पोकळ वाटतो. गाण्यात पोलिसांनी घेरलेल्या माणसाची गोष्ट आहे, बिक्तोर हारा या 1973 मध्ये मारल्या गेलेल्या चिली देशातल्या गायकाचा उल्लेख आहे. त्यामुळे ते नुसतं नाचाचं गाणं म्हणून वाजवणंही बरं नाही. घ्यायचंच असेल तर तुमच्या ओळखीच्या ढोलपथकातले दोघे-तिघे आणि एक ताशा बोलवा. सांबात सगळ्यात खालच्या आवाजाचा ढोल दुसऱ्या ठोक्यावर जड पडतो. आपले वादक सवयीने पहिल्या ठोक्यावर वजन देतील, ते आधी मोडावं लागेल. तीन आठवड्यांत हे आणि शब्द दोन्ही जमवणं कठीण आहे.

त्याजागी लोस प्रिसिओनेरोसचं ‘एल बाइले दे लोस के सोब्रान’ घ्या. चिलीची राजधानी सान्तियागोमधल्या सान मिगेल भागातल्या तिघांचा हा गट, गाणं 1986 च्या ‘पातेआन्दो पिएद्रास’ अल्बममधलं. नाव मोजा: एल्, बाय्, ले, दे, लोस्, के, सो, ब्रान्. आठ अक्षरं, म्हणजे स्पॅनिश लोकगीतांचा सगळ्यात जुना आणि सरावाचा मोजमाप. शाळेत सगळ्यांना सारखी आश्वासनं मिळाली, पण बाहेर पडल्यावर काहींनाच दारं उघडली आणि उरलेले दगड लाथाडत फिरत राहिले, असा त्याचा आशय आहे. चिलीचा हुकूमशहा पिनोचेत याच्या लष्करी राजवटीत ते आलं आणि 2019 च्या आंदोलनात चिलीतले लोक रस्त्यावर पुन्हा तेच गात होते. निवेदकाने एवढं सांगितलं तरी कॉलेजच्या श्रोत्यांना ते पोहोचेल. सुरुवातीला कुत्रे भुंकल्याचा आवाज आहे, तो मोबाइलवरून वाजवता येतो. नाही वाजवला तरी चालेल. पालुपद सगळ्यांनी मिळून गायचं आहे, म्हणून गिटारवाल्यांनाही ते शब्द कागदावरून शिकवा. मागचे आवाज वेगळी अक्षरं म्हणत असतील तर पुढच्या गायिकेची मेहनत वाया जाते.

‘ईहो दे ला लूना’ ठेवायचं की नाही हे फक्त तुमच्या गायिकेच्या आवाजावर ठरेल. मेकानोच्या 1986 च्या ‘एन्त्रे एल सिएलो इ एल सुएलो’मधलं, होसे मारिया कानोने लिहिलेलं आणि आना तोर्रोहाने गायलेलं. चाल तीन-तीनच्या ठेक्यात आहे, त्यामुळे दादरा ऐकलेल्या ड्रमरला अडचण नाही. शब्दही मोकळे आहेत, श्वासाला जागा आहे. अवघड आहे तो आवाका. चाल खालून हळूहळू चढत जाते आणि वरचे सूर सरळ, न हलवता धरायचे आहेत. पियानोवर किंवा फोनच्या अॅपवर सगळ्यात वरचा सूर शोधा. गायिकेला तो सकाळी, गळा न तापवता, मोठ्याने ओरडल्याशिवाय लागतो का बघा. लागत नसेल तर पट्टी खाली आणा. खाली आणल्यावर सुरुवातीचे सूर ऐकूच येत नसतील तर गाणं सोडून द्या. गोष्टीत जिप्सी समाजाचं चित्रण आणि संशयावरून केलेला खून आहे, हे विभागाच्या मॅडमना आधी सांगून ठेवा. त्यांनी नको म्हटलं तर ला ओरेहा दे बान गोगचं 2000 सालचं ‘ला प्लाया’ बघा. स्पेनमधल्या सान सेबास्तियानचा गट, मूळ गायिका बाई, संथ गाणं. त्यांचंच ‘रोसास’ जास्त गाजलेलं आहे, पण त्यात एका श्वासात इतके शब्द आहेत की नवख्या गायिकेला मी ते देणार नाही.

‘पेर्सियाना आमेरिकाना’ (अल्बम ‘सिग्नोस’, 1986) हे चांगलं गाणं आहे, पण पडद्याच्या फटीतून बाईला न्याहाळणाऱ्या माणसाच्या तोंडचे ते शब्द आहेत. तुमच्या गायिकेला ते म्हणायचे आहेत का, हे तिला विचारा. सोदा स्तेरेओचं एक गाणं तुमच्याकडे आहेच. त्याऐवजी मी सुरुवातीला मानाचं ‘रायान्दो एल सोल’ ठेवेन. मेक्सिकोतल्या ग्वादालाहाराचा गट, 1990 च्या ‘फाल्ता आमोर’मधलं गाणं. चाल लांब सुरांची, त्यामुळे शब्दांवर ताण नाही, आणि स्पॅनिश विभागात ते पालुपद माहीत असणारं कोणी ना कोणी निघेलच.

शेवटी ‘दे मूसिका लिहेरा’, आणि ते शेवटीच ठेवा. 1990 च्या ‘कान्सिओन आनिमाल’मधलं हे गाणं. 20 सप्टेंबर 1997 ला ब्युनॉस आयरिसच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर बँडने निरोप घेतला तो याच गाण्याने, आणि त्यांचा गायक गुस्ताबो सेरातीचे ‘ग्रासियास तोतालेस’ (‘संपूर्ण आभार’) हे शब्द तिथलेच. वाजवायला चार कॉर्ड: बी मायनर, जी, डी, ए. कडव्यातही तेच, पालुपदातही तेच. इथेच नवे बँड फसतात. कॉर्ड बदलत नाहीत म्हणून पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजवतात आणि पालुपद आल्याचं कळतच नाही. कडव्यात एका गिटारने तारा सुट्या सुट्या वाजवाव्यात, दुसऱ्याने तळहात ब्रिजवर ठेवून दाबून वाजवावं, ड्रमरने हाय-हॅट मिटलेली ठेवावी. पालुपदाला दोन्ही गिटार पूर्ण उघड्या, हाय-हॅट उघडी किंवा क्रॅशवर. बेसने मूळ स्वर सोडून फार हिंडू नये.

पट्टी तुमच्या गायिकेसाठी बहुधा बदलावी लागेल, कारण मूळ सूर पुरुषाच्या उंच आवाजाचे आहेत. बाईंनी तेच सूर जसेच्या तसे गायले तर बऱ्याच जणींना ते मधल्या-खालच्या पट्ट्यात पडतात आणि गिटारच्या गोंगाटात बुडतात. तीन अर्धस्वर वर नेलंत तर डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी. पाच अर्धस्वर वर नेलंत तर ई मायनर, सी, जी, डी, आणि इथे उघड्या तारा मिळतात म्हणून गिटार छान घुमते. मी आधी हीच पट्टी वापरून बघेन. जास्त वर वाटली तर दोन अर्धस्वर मूळपेक्षा खाली, ए मायनर, एफ, सी, जी, आणि मग कॅपो (गिटारच्या मानेवर लावायची पकड) लावून अर्धा-अर्धा स्वर वर सरकत तिची जागा शोधा. ‘रायान्दो एल सोल’ची पट्टी मात्र आधी न बदलता गाऊन बघा; मानाचा गायक मुळातच खूप वर गातो.

आवाजाच्या मांडणीबद्दल एकच गोष्ट, कारण शब्दांसाठी केलेली मेहनत इथे पाण्यात जाऊ शकते. डिस्टॉर्शन लावलेल्या, करकरीत आवाजाच्या दोन गिटार एकत्र वाजल्या की त्या दोन ते चार किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी करतात आणि व्यंजनं नेमकी तिथेच असतात. मिक्सरवर गिटारचा तो पट्टा दोन-तीन डेसिबलने खाली घ्या, दोन्ही गिटारचा गेन तालमीपेक्षा थोडा कमी ठेवा, आणि गायिकेच्या माइकवर शंभर हर्ट्‌झखालचं कापा. रिव्हर्ब (घुमारा) जेमतेम. जास्त रिव्हर्बमध्ये जोडलेले स्वर एकमेकांवर सांडतात आणि ‘दोएल्’चं नुसतं ‘दो’ ऐकू येतं.

क्रम मग असा होईल: ‘रायान्दो एल सोल’, ‘एल बाइले दे लोस के सोब्रान’, ‘ईहो दे ला लूना’ किंवा ‘ला प्लाया’, आणि ‘दे मूसिका लिहेरा’. मधल्या बोलण्यासह वीस मिनिटांच्या आत बसेल. नवा कागद झाला की पहिल्या गाण्याचं एक कडवं चालीशिवाय, फक्त टाळीवर बोलून रेकॉर्ड करा आणि इथे टाका, सोबत कागदाचा फोटोही द्या. कुठे कमान सुटली आहे ते ओळीनिशी सांगता येईल.